मे महिन्यात घरचं लग्न, त्याआधी घराची डागडुजी: कामांचा क्रम कसा लावावा?

माजघर (धागाकर्ती)
राजापूर तालुक्यातलं घर. भिंती जांभ्याच्या, आतून मातीचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. लग्न अंगणातच करायचं ठरलंय. ७ मे २०२६ धरून चाललोय, मुहूर्त भटजींकडून पक्का व्हायचाय. दुपारच्या जेवणाला साडेतीनशे पानं, मुक्कामाला मुंबई-पुण्याची चाळीस माणसं.
घराची कामं अशी: शाकारणी (कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावणं), मागच्या पडवीत नवीन संडास-न्हाणीघर, ओटा, थोडं वायरिंग आणि रंग. दसरा नुकताच झालाय. कुठलं काम कधी धरावं, कशाला किती लागतं, नेमकं कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं. शेवटच्या आठवड्यात घरात चिडचिड नको, एवढीच इच्छा आहे.

चिरेबंदी
ताई, आधी एक तारीख वहीत लाल पेनाने लिहा: २० फेब्रुवारी. त्या दिवशी घराचं काम बंद. जे उरेल ते पुढच्या दिवाळीनंतर. लग्नाची यादी आणि गवंड्याची यादी एकाच महिन्यात आली की घरातली माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात, आणि ते टाळायचा हाच उपाय मला ठाऊक आहे.

२० फेब्रुवारीच का? होळी मार्चच्या सुरुवातीला आहे. शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तोवर गवंडी, सुतार, प्लंबर कोणी हाताला लागत नाही, आणि लागू नये असंच मला वाटतं, वर्षाचा सण आहे. शिमगा आटोपेतो आंबा सुरू होतो. गडी आंबे काढायला आणि पेट्या भरायला जातात, पिकअप गाड्या पेट्यांच्या फेऱ्यांत अडकतात. एप्रिलमध्ये रेतीची एक खेप मागवायची म्हटली तर गाडी मिळत नाही.

दिवाळीपासून मोजलंत तर हातात चार महिने आहेत. क्रम वरून खाली: आधी छप्पर, मग वायरिंगच्या खाचा आणि पाण्याच्या पाइपलाइनी, मग गिलावा, मग लादी, शेवटी रंग. शाकारणी मागे राहिली आणि लादी आधी बसली, तर वरून पडलेल्या कौलाने नवी लादी टवके निघून खराब होते.

नवीन न्हाणीघराचा सिमेंटचा गिलावा किमान ७ दिवस ओला ठेवायचा. जांभा पाणी फार पितो, म्हणून गिलावा मारायच्या आदल्या संध्याकाळी चिरे भरपूर भिजवा. नाहीतर चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो, सिमेंट कच्चं राहतं आणि वर केसासारख्या भेगा उमटतात. रंग त्यानंतर निदान चार आठवड्यांनी. म्हणजे गिलावा उशिरात उशिरा १५ जानेवारीला संपला पाहिजे. चुलीजवळचा ओटा आणि कडाप्पा त्याच गवंड्याकडून त्याच खेपेत उरकून घ्या, वेगळा माणूस बोलावू नका.

आढं_वासे
छपराचं मी लिहितो. आधी क्षेत्रफळ काढा. समजा घर ४० बाय ३० फूट आणि वळचण चारी बाजूंनी २ फूट, तर जमिनीवरचं माप ४४ बाय ३४, म्हणजे जवळपास १५०० चौरस फूट. तीस अंशांचा उतार असेल तर १.१५ ने गुणा, सव्वासतराशे चौरस फूट येतात. १०० चौरस फुटांना १४० ते १५० कौलं, म्हणजे पूर्ण छपराला अडीच हजार. नुसती शाकारणी असेल तर दहा टक्के, अडीचशे-तीनशे नवीन कौलं पुरतात. आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराचा वरचा सांधा झाकणारी कौलं, वेगळे मोजा, ते नेहमी विसरले जातात.

खरी अडचण संख्येत नसून सांध्यात आहे. जुनी कौलं ज्या कारखान्याची, त्याच मापाची नवीन मिळतीलच असं नाही. अर्ध्या इंचाचा फरक असला तरी खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी आत येतं. म्हणून खरेदीला जाताना एक अखंड जुनं कौल बरोबर न्या आणि दुकानात चार नवीन कौलांना जोडून बघा. नवीन-जुनी मिसळू नका. नवीन सगळी एकाच पाखीवर (छपराच्या एका उतरत्या बाजूवर) एकत्र घ्या, उरलेल्या छपरावर चांगली जुनी.

रीपा (कौलं अडकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) बदलायच्या असतील तर अंतर पुस्तकातलं घेऊ नका. दहा कौलं अंगणात उभ्या ओळीत एकात एक अडकवून मांडा. ती ताणून लांबी मोजा, मग दाबून मोजा, दोन्हींची सरासरी काढा आणि प्रत्येक कौलामागे येणारं अंतर तेच रीपांचं ठेवा. बहुतेक कौलांना ते साडेबारा ते तेरा इंचांच्या आसपास येतं.

छप्पर उघडलंय तेव्हाच वाशांची टोकं तपासा, विशेषतः भिंतीत गेलेली. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर वासा आतून पोकळ झालाय. वाळवीचं औषध त्याच वेळी मारून घ्या, कारण पुढे पाच-दहा वर्षं तिथे हात पोहोचत नाही.

आणि मजुरांना बजावून सांगा: कौलावर चढताना फळी टाकूनच. मधोमध पाय पडला की कौल तडकतं, पण तडा लगेच दिसत नाही, तो जूनमध्ये दिसतो.

बंदर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा रंगीत पत्रे का नको? दहा दिवसांत काम संपेल.

आढं_वासे
@बंदर, पडवीवर जरूर घाला. माजघरावर नको. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली माळा नसेल तर चाळीस माणसांना निजवणं कठीण जातं. शिवाय कौलांच्या वजनावर बसलेलं जुनं छप्पर हलक्या पत्र्यासाठी नीट आवळून बांधावं लागतं, नाहीतर किनाऱ्यावरच्या वाऱ्याने पत्रा उचलला जातो. २०२० च्या निसर्ग वादळात आणि २०२१ च्या तौक्तेत किनाऱ्यावरच्या गावांनी हे बघितलंय.

बंदर
पटलं. मग पडवीपुरतेच.

सुरंगी
माजघर, तारखेबद्दल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्या महिन्यात लग्नं होत नाहीत. एरवी मे अखेरपर्यंत पसरणारे मुहूर्त यंदा एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटीवाटीने येणार. त्यामुळे भटजी, आचारी, मांडववाला, फोटोवाला आणि भांडीवाला ही पाच माणसं दिवाळीपूर्वी ठरवून विसार देऊन टाका. वाजंत्री, मेंदी, फुलं यांना जानेवारी चालेल.

गावकर आणि मानकऱ्यांच्या कानावर तारीख आताच घाला. देवीचा गोंधळ, सप्ताह, वाडीतलं दुसरं कार्य त्याच दिवशी येत नाही ना, हे तेच सांगू शकतात. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून नारळ ठेवायचा दिवसही त्यांच्याशी बोलूनच ठरवा.

सोयर-सुतकाचं काय करायचं हे भटजींना अगोदर स्पष्ट विचारा. देवक बसल्यावर अडत नाही अशी रीत आहे, पण घराण्यागणिक फरक असतो. ऐनवेळी दोन मतं निघाली की यजमानांची झोप उडते.

रेल्वेचं: आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, पूर्वीसारखे १२० दिवस नाहीत. पाहुणे ५ मे रोजी निघणार असतील तर ६ मार्चला सकाळी ८ वाजता तिकीट काढायला बसावं लागेल. तो शिमग्याचा आठवडा, बरेच जण गावीच असतील, म्हणून प्रत्येक कुटुंबातून एक माणूस नेमून त्याला तारीख लिहून द्या. परतीचं ८ मेचं तिकीट ९ मार्चला. राजापूर रोड स्टेशन शहरापासून लांब आहे, तेव्हा गाडीच्या वेळेनुसार दोन फेऱ्यांची जीप आधीच सांगून ठेवा. वऱ्हाड मोठं असेल तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, जवळच्या आगारात चौकशी करावी.

रातांबा
आता जेवण. साडेतीनशे पानांचे कच्चे आकडे देतो, शाकाहारी, साधा बेत: वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, पुरी, आमरस, सोलकढी, कोशिंबीर, पापड, लोणचं.

तांदूळ दोन्ही भातांचा मिळून माणशी १२० ग्रॅम, म्हणजे ४२ किलो. तूरडाळ माणशी २५ ग्रॅम, ९ किलो. बटाटे ३५ किलो. काळे वाटाणे १४ किलो. कणीक ३५ किलो: किलोला चाळीस पुऱ्या, माणशी चार. तेल सगळं मिळून १५ किलोचे दोन डबे. व्यावसायिक गॅस सिलिंडर १९ किलोचे, हळदीच्या रात्रीचं आणि लग्नादिवशीचं मिळून सहा धरा. घरगुती सिलिंडर कार्यासाठी वापरू नयेत.

काळे वाटाणे आधी पाव किलो आणून शिजवून बघा. जुना माल असेल तर रात्रभर भिजूनही दाणा कडक राहतो आणि आचारी सोडा वाढवत जातो, मग सालं सुटतात आणि उसळीला वास येतो. त्याच दुकानातून, त्याच पोत्यातला माल घ्या.

सोलकढी पेलाभर, १५० मिली धरली तर ५२ लिटर. एका चांगल्या नारळाचं पहिलं-दुसरं दूध मिळून पाऊण लिटर कढी होते, म्हणजे ७० नारळ. मे महिन्यात नारळाचं दूध दोन-तीन तासांत आंबायला लागतं. म्हणून खोबरं सकाळी वाटा, दूध बर्फाच्या पेटीत ठेवा, आणि आगळ (कोकमाचा रस) जेवणाच्या अर्धा तास आधी, पंगतीपुरतंच घाला. सगळी कढी सकाळी नऊला करून ठेवली तर तिसऱ्या पंगतीला फुटलेली जाते.

आमरसाला वाटीभर १०० मिली धरून ३५ लिटर रस. २५० ग्रॅमच्या हापूसमधून १३०-१४० मिली निघतो, म्हणजे २७० आंबे, वर नासाडीचे तीस. तयार आंबे बाजारातून आदल्या दिवशी आणायच्या भानगडीत पडू नका. लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी तयार झालेले हिरवे आंबे देठासकट काढून घ्या आणि गवतात आढी घाला. दोन थरांपेक्षा जास्त नको, आणि पाचव्या दिवसापासून रोज सकाळी उलटून बघा. डागी आंबा लगेच बाजूला काढायचा. दोन आढ्या तीन दिवसांच्या फरकाने घातल्या तर एक मागे-पुढे झाली तरी दुसरी सापडते.

बंदर
पंगत की बुफे?

रातांबा
पंगत. शंभराची एक पंगत वाढून उठेपर्यंत ४० ते ४५ मिनिटं, म्हणजे चार पंगती तीन तासांत. त्याला दहा-बारा वाढपी लागतात आणि ते वाडीतले असले तर उत्तम, कुणाला काय आवडतं हे त्यांना माहीत असतं. केळीची पानं चारशे सांगा, आदल्या संध्याकाळी कापून सावलीत ओल्या गोणपाटाखाली.

सुरंगी
मी थोडी असहमत. वयस्कर माणसांना जमिनीवर बसता येत नाही. पंगतीच्या कडेला दहा-बारा जणांसाठी टेबल-खुर्च्यांची एक ओळ लावा, पान तेच, वाढपी तेच.

रातांबा
हे बरोबर आहे, लावाच.

आणि संख्येबद्दल: आमंत्रणाच्या यादीत प्रत्येक घरापुढे 'चूलबंद', 'जोडी' किंवा 'एक' असं लिहा. चूलबंद आमंत्रण असेल तर त्या घरातली खरी डोकी लिहायची, मुलंबाळं धरून. पत्रिका किती छापल्या यावरून पानं मोजली की हमखास चुकतं.

पाणवठा
पाण्याकडे अजून कोणी वळलं नाही, आणि मे महिन्यात कोकणात सगळ्यात आधी पाणीच दगा देतं. मुक्कामी माणसाला रोजचे १०० लिटर धरा, चाळीस जणांचे ४००० लिटर. जेवणावळीच्या दिवशी हात धुणं, भांडी, स्वयंपाक मिळून पानामागे १० लिटर, म्हणजे आणखी ३५००. पिण्याचं वेगळं, माणशी २ लिटर: वीस लिटरचे ३५ जार.

विहीर किती देते ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोजा. पहाटे दोरीला गाठ मारून पाण्याची पातळी घ्या, पंप लावून बरोबर दोन फूट पाणी उपसा, आणि पातळी पूर्ववत व्हायला किती तास लागले ते लिहा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण २२०० लिटर. दोन फूट भरायला बारा तास लागले तर दिवसाला आठ-नऊ हजार लिटरची आवक आहे. पातळी मेपर्यंत आणखी उतरणार, म्हणून निम्मीच खरी धरा. कमी पडत असेल तर टँकर ५ मेलाच भरून घ्या, ७ तारखेच्या भरवशावर राहू नका. दोन हजार लिटरची एक जादा टाकी भाड्याने आणून मांडवामागे ठेवा आणि तिला चार नळ काढा.

नवीन न्हाणीघराच्या लादीला उतार सहा-सात फुटांना एक इंच. लादी लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर दोन इंच पाणी कोंडून ४८ तास ठेवा, भिंतीच्या पायथ्याला ओल आली तर लादीआधीच कळेल. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे इथे अंतरात सवलत घेऊ नये, ही गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो. जुनी सेप्टिक टाकी असेल तर ती मार्चमध्ये उपसून घ्या. चाळीस माणसं तीन दिवस वापरणार असतील तर भरत आलेली टाकी हळदीच्या रात्रीच तुंबते.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. भिंती पावसाच्या ओलीने अजून थंड लागतात, रंग जानेवारीत मारला तर टिकेल का? आणि मांडवाच्या विजेचं काय करायचं?

चिरेबंदी
भिंत कोरडी आहे का हे हाताने कळत नाही. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर २४ तास ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर ओल आहे, थांबा. हे जमिनीपासून एक फुटावर आणि खिडकीखाली, अशा दोन ठिकाणी करा. पांढरा लोणा दिसत असेल तर कोरड्या ब्रशने घासून काढा. पाण्याने धुतला तर क्षार परत भिंतीत जातो.

मातीच्या गिलाव्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट मारू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ऑगस्टमध्ये फुगे येतात आणि गिलाव्यासकट खपल्या पडतात. चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्या. भिंत आतून वाळल्यावर वरून पाणी शिंपडून पहिला हात त्या ओलसर भिंतीवरच, प्रत्येक हातानंतर एक दिवस मध्ये. सिमेंटच्या नव्या भिंतींना मात्र प्रायमर आणि इमल्शन चालेल.

पाणवठा
विजेसाठी: घरच्या मीटरवर मांडव टाकू नका. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला करा. लोड असा काढा: वीस उभे पंखे ३ किलोवॅट, दिवे २, ध्वनी २, ग्राइंडर-मिक्सर दीड. साडेआठ होतात, म्हणून जनरेटर १५ केव्हीएचा. मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच, कारण ओलं अंगण, लोखंडी खांब आणि अनवाणी माणसं. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद.

मेमध्ये वळीव येतो, बहुधा दुपारनंतर. मांडवाच्या ताडपत्रीला मधून दोन्हीकडे ठळक उतार द्या. सपाट ताडपत्रीत पाणी साचून पोट सुटतं आणि खांब आत ओढले जातात. चुलाणं मुख्य मांडवापासून वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि त्याच्यावर झावळ्या नकोत, पत्रा घाला. दुपारी वारा समुद्राकडून असतो हे लक्षात ठेवून जागा ठरवा.

सुरंगी
चिडचिडीबद्दल विचारलंय त्यावर. एकच वही, वहीत प्रत्येक कामाला एक पान: काय सांगितलं, किती, विसार किती दिला, बाकी किती, कधी येणार, फोन. पानाच्या डोक्यावर एकाच माणसाचं नाव. आचाऱ्याशी तोच बोलणार, दुसरं कोणी नाही. तिघांनी तीन निरोप दिले की आचारी सोयीचा तेवढा ऐकतो. रविवारी संध्याकाळी अर्धा तास वही उघडून सगळ्यांनी बसायचं, आठवडाभर मध्येच लग्नाचा विषय काढायचा नाही.

१५ एप्रिलनंतर बेत, साड्या, यादी यांत बदल नाही, हे घरातल्या मोठ्यांकडून आधीच वदवून घ्या. कोठीच्या खोलीची किल्ली एका मावशीकडे किंवा आत्याकडे. वर-वधूचे आई-वडील लग्नादिवशी कुठल्याही कामाचे धनी नकोत, पैशाचं पाकीटसुद्धा काकांच्या हातात द्या, कुणाला किती बाकी द्यायचे त्याची चिठ्ठी आत घालून.

भांडी घेताना आणि परत करताना मोजणारा माणूस एकच ठेवा, आणि मोजणी रात्री नको, सकाळी उजेडात.

माजघर
लग्ननोंदणी लगेच करावी लागते का?

सुरंगी
लग्नापासून ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत अर्ज द्या, उशीर झाला तर जादा शुल्क लागतं. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, पत्रिका, तीन साक्षीदार आणि भटजींची सही. भटजींची सही मात्र ७ तारखेलाच अर्जावर घ्या, दक्षिणा देताना. एकदा ते पुढच्या लग्नाला गेले की सापडायला आठवडा जातो. अर्जाचा नमुना एप्रिलमध्येच आणून वहीत ठेवा.